चहाचं भजन

९ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा दूध उतू गेलं. गॅसपाशी मी होतो, पण चूक सुनंदाची. आतल्या खोलीत तिचा सकाळचा रियाज चालू होता अन् तिनं नेमकं चहाचं भजन काढलं. हातात चिमटा घेऊन मी उभाच. चर्र आवाज झाला तवा भानावर आलो.

"अहो, दूध! वास येऊन राहिला!" आतूनच ओरडली. मोबाइलवरचा तानपुरा मागे चालूच.

"तू गाणं बंद कर मंग."

"दोन मिनिटं गॅसकडे पाहाले काय होते तुमाले?"

आता काय सांगू. डोळे गॅसकडेच होते वं. कान नव्हते.

चहाचं भजन हे नाव माहं. सु. रोज सकाळी चहाच्या वेळी ते म्हणते म्हणून. तसं एक उंबरठ्याचं आहे. ते पहिल्यांदा ऐकलं तवा मी ड्यूटीवरून आलो होतो, एक बूट काढलेला, एक पायात, अन् तसाच दारात उभा राहिलो होतो. एक शनिवारचं आहे, ते ती सक्करदऱ्याच्या गाण्याच्या बाईकडून शनिवारी शिकून आली होती. बाईनं मले रागांची नावं सांगून पाह्यली. बिलकुल राहत नाही डोक्यात. अन् पाहिजे कायले? दारी आलेल्या पाहुण्याले आपण आधी पाणी देतो, नाव मागून विचारतो.

दूध पुन्हा आणलं. चहा झाला तवा आठ वाजले होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वाडीच्या गोडाऊनले दिवसभर ट्रकांची रांग. रायपूरची गाडी उशिरा, हमाल बसून, मालक फोनवर बोंबलून राहिले. दुपारी डबा खाताना कानात वायरी टाकल्या अन् सु. चं उंबरठ्याचं ऐकलं. काल दाराआडून रेकॉर्ड केलं होतं. तिले माहीत पडलं तं खैर नाही.

समोर हरयाणाचा एक ड्रायव्हर जेवत होता. "साहब, क्या सुन रहे हो?" एक वायर त्याच्या कानात दिली. रोटी हातात तशीच राहिली त्याच्या.

"कोई बड़ी गायिका है."

"मेरी मिसेस है."

साल्याचा विश्वासच बसेना. "मज़ाक मत करो साहब." छाती अशी फुगली का स्वेटर तंग झाला.

उमरेडच्या आमच्या घरी माग होता. आबा, माहे वडील, मागावर बसले का भजन म्हणत. धोटा इकडून तिकडे जाई अन् भजन त्याच्याच चालीत. कुठं धागा तुटला तं आबा पाहत नसत, आवाजावरून समजे. मी मागावर काही बसलो नाही. गळाही नाही मिळाला मले. पण कान आबाचे आले. एवढीच इस्टेट आली माह्या वाट्याले, पण अव्वल नंबर.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोठी बातमी. बाई स्वतः घरी आल्या, हुडकेश्वरले, ऑटो करून. दत्तजयंतीले आमच्या कॉलनीतल्या मंदिरात वर्ध्याचे बुवा येऊन राहिले. बाईचे गुरू. ऐंशीच्या वर वय, आता कुठं जात नाहीत, बाईनं हातापाया पडून कबूल केलं.

पण खरी बातमी पुढे. बुवा आधी गातील, दम आहे तवर. मंग खाली उतरून बसतील अन् सु. ले ऐकतील. बाईनं त्यायले हिच्याबद्दल सांगतलं आहे. पसंत पडली तं बुवा स्वतः शिकवतील. त्यायनं शिकवणं कधीचं बंद केलं आहे, हिच्यासाठी फक्त "ऐकतो" म्हणाले.

सु. पोहे करून राहिली होती. झारा हातातच. "बाई, मी बावन्न वर्षांची झाली. पल्लवीचं लग्न झाल्यावर तं सा लावायले शिकली. मले काय शिकवतील ते?"

"ते बुवा ठरवतील," बाई म्हणाल्या. "तू गा."

बाई गेल्यावर पुण्याले फोन लावला. पल्लवी किंचाळलीच. "बाबा, आईले गोड खाऊ देऊ नका!" मी म्हटलं, बिलकुल टेन्शन नको घेऊ, तुह्या आईचा मॅनेजर मी आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंदिर कमिटीची मीटिंग. अध्यक्ष गुलाबराव म्हणते, चार मोठे स्पीकर लावू, आवाज रिंग रोडपर्यंत गेला पाहिजे. मी म्हटलं, रिंग रोडले काय करायचं आहे भजनाचं? ट्रक काय टाळ वाजवणार?

"पराते भाऊ, लोकाले समजलं पाहिजे कार्यक्रम आहे म्हणून."

"ज्याले ऐकायचं आहे तो येईल आत. अन् ते घुमवायचं बटन बंद ठेवायचं, आधीच सांगतो. माणसाचा आवाज विहिरीतून आल्यावानी येते."

खूप भांडलो. शेवटी दोन स्पीकर, घुमवणं बंद. घरी येऊन सु. ले सांगतलं, तं हिचं, "भांडता काहून सगळ्याशी? मी काही एवढी मोठी गाणारी नाही." तिले काय माहीत! स्वतःच्या गाण्यापुढे बसायची सोय नाही नं माणसाले. ती सोय माही आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सु. चा घसा बसला. थंडी पडली एकदम. बाईनं फोनवरून तंबी दिली, बोलणंही बंद. ज्येष्ठमध तोंडात, मफलर गळ्याले, अन् घरात इशाऱ्यानं कारभार. तिनं मिठाचा डबा मागतला तं मी टीव्हीचा रिमोट दिला.

सकाळी चहा केला. दूध वेळेवर उतरवलं, एक थेंब सांडला नाही. चहा काही गळ्याखाली उतरला नाही पण. इतकी वर्षं मी समजत होतो का सकाळ सहा वाजता होते. नाही होत. ही सा लावते तवा होते. आज दिवसभर आपलं अंधारात फिरल्यासारखं करून राहिलो.

३ डिसेंबर, बुधवार

आवाज आला! पहाटे हळूच सा लावून पाह्यला तिनं. थोडा खरखर, पण आला. मी पांघरुणात पडल्या पडल्या टाळी वाजवली.

"झोपा नं!"

उद्या.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

लिहवत नाही. माह्याच तोंडानं घात झाला.

५ डिसेंबर, शुक्रवार

ड्यूटीले नाही गेलो. लिहून काढतो, नाही तं डोकं फुटेल.

संध्याकाळी जन्म, म्हणून गाणं दुपारी ठेवलं होतं. हॉल भरला. बुवा लहानसे, कानटोपी, अंगावर जाड शाल, दोघांनी धरून वर बसवले. पेटीवर बाई. मागे तानपुऱ्यावर सु., गळ्याले मफलर गुंडाळलेलाच. ती बुवाच्या पाठीमागे अन् माह्या एकदम समोर. मी पुढच्या सतरंजीवर.

बुवानं सा लावला. बस, एवढंच. पोरंटोरं, चपला शोधणारे, मागे बडबड करणाऱ्या बाया, सगळे जागच्या जागी गपगार. अन् मंग भजन. एकच ओळ. ती उचलायची, फिरवायची, अन् जिथून उचलली तिथं अलगद आणून ठेवायची. दर वेळी वाटे, आता काय राहिलं हिच्यात? अन् दर वेळी दत्त एक पाऊल जवळ आलेला. तबल्यावाल्यानं तं डोळेच मिटले होते. सम आली का अख्ख्या हॉलची मान खाली. कोणी शिकवलं नाही, कोणी सांगतलं नाही. माह्या तोंडून "वा!" निघून गेली, चांगली मोठ्यानं. आवरली नाही मले.

पुढच्या फेरीले पुन्हा निघाली. बुवानं डोळे उघडून माह्याकडे पाह्यलं.

भजन संपलं. पाणी घेतलं. अन् बुवा, एवढ्या लोकात, मले म्हणाले, "तुम्ही कान देऊन ऐकता. सांगा, काय म्हणू तुमच्यासाठी?"

मले! आबा असायला पाहिजे होते. अख्खी कॉलनी पाहून राहिली होती. गुलाबरावचं तोंड उघडंच. मी नाव काय सांगणार, मी पहिली ओळ गुणगुणून दाखवली. चहाच्या भजनाची.

बुवानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "आत्ताच?"

मागून सु. डोळे मोठे करून मान हलवून राहिली होती. हात तानपुऱ्यावर अडकलेले. मले वाटलं, लाजून राहिली, नवऱ्यानं चारचौघात फर्माईश केली म्हणून. पेटीमागून बाईही काही खुणावत होत्या. मी कोणाकडे पाहतो आता!

"आत्ताच, बुवा!"

बुवानं मागे वळून सु. च्या मफलरकडे पाह्यलं, "बरं" म्हणाले, अन् म्हटलं ते भजन.

काय म्हटलं! खोटं नाही लिहिणार, घात झाला तरी नाही. रोजच्या सकाळचं भजन माहं, शब्द न शब्द ओळखीचा. सु. त्या मधल्या ओळीवर देवाले हात जोडते. बुवा भांडले. इतके दिवस कुठं होतास, असं देवाशी भांडले. भांडता भांडता आवाज खाली खाली आला, अन् शेवटी नुसतं नाव राहिलं. माह्या डोळ्यातून पाणी, बाजूच्या देशमुखायच्या डोळ्यातून पाणी.

संपलं. बुवानं हात जोडले. बाईनं पेटीचा भाता बंद केला. तबल्यावाल्यानं तबल्यावर कपडा टाकला. लोक उठाले लागले. मी म्हटलं, "अरे बसा, बसा, आता आमच्या मिसेस आहेत!"

बाई जवळ आल्या. आवाज एकदम बारीक. "परातेजी, भैरवी मागितली तुम्ही. भैरवी झाल्यावर कोणी गात नाही."

रोज सकाळी माह्या घरात भैरवी होत होती अन् मी तिले चहाचं भजन म्हणत होतो.

गुलाबराव धावत आला. जन्माले अजून बराच वेळ, लोक घरी गेले तं काय करायचं? "वैनी, गा नं तुम्ही. बसा वर. भैरवी-फैरवी कोणाले समजते इथं?"

"मले समजते," सु. म्हणाली.

बस. तानपुऱ्याले गवसणी घातली, गाठ मारली, खाली उतरली. बायकांच्यात जाऊन बसली अन् टाळ्या वाजवून साधा नामजप सुरू केला. गाणं नाही, तान नाही, नुसतं नाव. हळूहळू सगळ्यांनी धरलं, गुलाबरावनंही. जन्म होईपर्यंत लोक हलले नाहीत. बुवाही खुर्चीवर बसून टाळी देऊन राहिले होते. अन् गुलाल उधळल्यावर गाडी आली, गेले.

तिले ऐकायले आले होते, अन् न ऐकता गेले. माह्यामुळं. मले माहीत आहे. पण हेही लिहून ठेवतो. तिचं ते "मले समजते" मी ऐकलं अन् इतक्या लाजेतही मान ताठ झाली. दुसरी कोणी असती तं बसली असती वर. बुवा समोर बसलेले, आयुष्यात एकदा आलेली वेळ. ही नाही बसली.

६ डिसेंबर, शनिवार

रियाज नाही. बोलते, पण भाजी, गॅस सिलेंडर, एवढंच. क्लासले गेली नाही. पल्लवीचा फोन, "बाबा, तुम्हाले कोणी सांगतलं होतं मधे बोलाले?" ठेवून दिला.

७ डिसेंबर, रविवार

आज दुपारी ती तूर सोलून राहिली होती. मीही बसलो शेंगा घेऊन. म्हटलं, "सुनंदे, शिव्या दे. पण बोल."

तिनं दोन-चार शेंगा सोलल्या. मंग, "कसं झालं बुवांचं ते भजन?"

"म्हणजे? तू तं मागेच होतीस."

"मले काही ऐकूच नाही आलं हो. भैरवी सुरू झाली अन् माह्या कानात नुसता सूं सूं आवाज. तानपुरा कसा वाजवला देवाले माहीत. एवढं मोठं गाणं माह्यापासून हातभर अंतरावर झालं, अन् मी ऐकलं नाही." इथं रडली. कार्यक्रमासाठी नाही रडली, बुवा गेले त्यासाठी नाही. ऐकलं नाही म्हणून रडली. हिच्या जागी मी असतो तं मीही त्याच्यासाठीच रडलो असतो.

मंग मी सांगाले बसलो. पहिली ओळ कशी घेतली, कुठं थांबले, दुसऱ्यांदा कुठून वळवली. माह्या ह्या फाटक्या गळ्यानं म्हणून दाखवलं. ती मधल्या ओळीची भांडाभांडी काही जमेना.

"असं?" तिनं म्हणून दाखवलं.

"नाही, रागावून. हात नको जोडू."

"असं?"

"याच्या खाली. आता खाली आण. अजून. अन् सोडून दे."

शेंगा तशाच राहिल्या. शेवटी तिनं असं म्हटलं का माह्या अंगावर काटा आला. म्हटलं, "हे! हेच!"

"तुमाले एवढं सगळं कसं आठवते हो?" तिनं विचारलं. गेल्या तीस वर्षांत हिनं माही एवढी तारीफ नाही केली. आबाचे कान आहेत, म्हटलं.

अन् हसली. तुरीची भाजी खारट झाली.

१० डिसेंबर, बुधवार

गोडाऊनवर असताना बाईचा फोन. ट्रकाचे हॉर्न चालू, मी वजनकाट्यामागे जाऊन कानात बोट घातलं.

बुवानं विचारलं म्हणे, तुझ्या शिष्येचा घसा बरा झाला का? बाई म्हणाल्या, घसा तं बरा होता. तवा उलगडा झाला. बुवाले वाटलं का हिचा आवाज बसला आहे, मफलर दिसत होता, अन् नवऱ्यानं म्हणूनच भैरवी मागून कार्यक्रम आटपता घेतला! बाईनं खरं काय ते सांगतलं. बुवा लहान पोरासारखे हसले म्हणे.

मंग म्हणाले, "ते अध्यक्ष तिला गा म्हणत होते, ते मी ऐकलं. ती काय म्हणाली तेही ऐकलं. घेऊन ये तिला रविवारी. शिकवीन असं म्हणत नाही. ऐकतो."

मी वजनकाट्यामागेच नाचलो. सुपरवायझर नाचून राहिला म्हणून हमाल हसले. हसोत.

१३ डिसेंबर, शनिवार

सु. ले विचारलं, काय म्हणणार उद्या? म्हणाली, ते सांगतील ते. साडी इस्त्री केली. मले म्हणाली, "तुम्ही या, पण तोंड उघडायचं नाही." कबूल.

१४ डिसेंबर, रविवार, वर्धा

बुवाच्या घराच्या ओसरीवर बसून लिहून राहिलो. सकाळच्या गाडीनं आलो, बाई संग होत्या. बुवा दारात आले, मले पाहून नुसते हसले. म्हणाले, "ऐकणाऱ्यांनी बाहेर बसायचं. आत परीक्षा आहे." दार लावलं. बाई अन् सु. आत.

बुवाची सून इथं मेथी निवडून राहिली. म्हणाली, बाबा फार कोणाले ठेवत नाहीत, सांगून ठेवते. लोक लांबून येतात अन् जेवून परत जातात.

तानपुरा लागला. खरा, लाकडाचा. दारातून येऊन राहिला, जमिनीतून येऊन राहिला.

सु. नं सा लावला.

"पुन्हा," बुवा.

पुन्हा लावला. चांगला तं होता! मी रोज ऐकतो.

"पुन्हा."

भजन नाही, राग नाही, नुसता सा. बुवा मधेच स्वतः लावून दाखवतात अन् मंग, पुन्हा. हिचा आवाज थरथरला आत्ता. घाबरली. मले उठून दार वाजवावं वाटून राहिलं, का बुवा, ही अशी नाही हो, सकाळी येऊन ऐका आमच्याकडे. पण तोंड उघडायचं नाही कबूल केलं आहे.

"पुन्हा."

सून म्हणते, चहा टाकू का काका? मी हातानं नको म्हटलं.

पुन्हा. पुन्हा.

आत्ताचा

आत्ता जो लावला. हा मी कधी नव्हता ऐकला. थरथर नाही, भीती नाही, कोणाले दाखवणं नाही, बुवालेही नाही. तानपुऱ्यात गेला अन् कुठला तिचा, कुठला तारेचा, समजेना. सुनेचा हात मेथीवरच थांबला. इतकी वर्षं संग राहून राहिलो, दूध सांडलं, कपडे भिजले, पोरीचं लग्न केलं, अन् ही बाई हे घेऊन फिरत होती.

या वेळी बुवाचं "पुन्हा" आलं नाही. तानपुरा चालू आहे. दार बंद.

ठेवतील का परत पाठवतील, दार उघडल्यावर समजेल. पाठवोत. माह्या बायकोचा सा मी आज ऐकला.